दूरच्या उपचारांची वाट : औसा परिसरातील रुग्णप्रवास आणि मुक्काम

औसा हे मराठवाड्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठाणे लातूरच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर वसलेले आहे. बहमनी काळापासून नावाजलेला येथील भुईकोट किल्ला इ. स. १६३६ मध्ये मोगलांच्या हाती आला; पुढे हा मुलूख निजामाच्या राज्यात गेला व १९४८ पर्यंत तेथेच राहिला. लातूरहून तुळजापूर व सोलापूरकडे जाणारा रस्ता औशावरून जातो. दुसरा एक रस्ता लामजना, किल्लारी ह्या गावांवरून उमरग्याकडे उतरतो आणि तेथे सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यास मिळतो. किल्ल्याच्या इतिहासात ह्या वाटांचे महत्त्व सैन्याच्या व व्यापाराच्या दृष्टीने सांगितले जाते. परंतु ह्याच वाटांनी गेली शे-सव्वाशे वर्षे आणखी एक वर्ग सतत ये-जा करीत आला आहे. तो वर्ग म्हणजे गावी बरे न होणारे दुखणे घेऊन परगावच्या दवाखान्याकडे निघालेले रुग्ण आणि त्यांच्याबरोबर निघालेले त्यांचे आप्त.

वैद्यकाच्या इतिहासात रुग्णालये, शोध व शस्त्रक्रिया ह्यांना स्थान मिळते. रुग्ण तेथवर कसा पोहोचला आणि उपचार चालू असता त्याची माणसे कोठे राहिली, हा प्रश्न बहुधा बाजूस पडतो. वस्तुतः औशासारख्या ठिकाणच्या माणसास उपचार मिळावयाचा की नाही, हे पुष्कळदा ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून राहिले. रेल्वे कोठवर आली, राज्याची सीमा कोठे पडली, आणि परगावी चूल मांडावयास जागा कोठे मिळाली, ह्या तीन गोष्टींनी येथील रुग्णाची दिशा ठरविली. ह्या तिहींपैकी पहिल्या दोन काळाबरोबर सुधारत गेल्या. तिसरी मात्र दीर्घकाळ धर्मादायावर सोपविलेली राहिली. प्रस्तुत लेखात ह्याच दृष्टीने औसा परिसरातील रुग्णप्रवासाचा आढावा घ्यावयाचा आहे.

१. निघण्यापूर्वीचा विचार

शेतकरी कुटुंबात परगावच्या उपचारांचा विचार हंगामापासून सुरू होई. पेरणीच्या दिवसांत बैल व माणूस दोन्ही मोकळे नसत; पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा गाडीस बंद होत. दिवाळीनंतर खरिपाचे पीक घरात येई, आणि माघ-फाल्गुनात रब्बीची ज्वारी निघे, तेव्हाच हाती थोडा पैसा खेळे. अंगावर काढता येण्याजोगे दुखणे, उदाहरणार्थ मोतीबिंदू, अंतर्गळ किंवा मूतखडा, ह्या वेळेपर्यंत थांबविले जाई. मोतीबिंदू हिवाळ्यातच काढावा हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. त्याला जखम चिघळण्याच्या भीतीचा आधार होता. पण हाच शेतीच्या विसाव्याचाही काळ होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरा विचार सोबतीचा. रुग्णापाशी बसणारा एक, आणि बाहेरची धावपळ करणारा दुसरा, अशी निदान दोन माणसे लागत. रुग्ण स्त्री असेल तर तिच्याजवळ बाईमाणूस आणि बाहेरच्या व्यवहारास पुरुष हवाच, म्हणून घरातून तीन माणसे निघत. मागे लहान मुले व जनावरे कोणी सांभाळावयाची हा प्रश्न तेथेच उभा राही. स्त्रियांच्या दुखण्याकडे उशिरा लक्ष जाण्याची जी अनेक कारणे आहेत, त्यांत ह्या हिशेबाचीही गणना करावयास हवी.

तिसरा विचार पैशाचा, आणि निजामी राज्यात त्यास एक निराळे अंग होते. हैदराबाद संस्थानाचे चलन ‘हाली शिक्का’ होते. संस्थानाच्या सीमेबाहेर इंग्रजी मुलुखात ‘कलदार’ रुपया चाले. सामान्यतः सात हाली रुपयांस सहा कलदार हे त्यांचे प्रमाण होते. म्हणजे गावी जमविलेली रक्कम सीमा ओलांडताच सुमारे एकसप्तमांशाने कमी दिसू लागे, आणि सराफाचा बट्टा त्याहून वेगळा. संस्थानाच्या सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. धान्य, पीठ, तूप बरोबर घेऊन निघालेल्या कुटुंबास ह्या सर्वांची जाणीव आधीपासून ठेवावी लागे.

२. अडीच फुटांची रेल्वे

ह्या भागाच्या प्रवासाचे स्वरूप पालटले ते बार्शी लाइट रेल्वेमुळे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या अभियंत्याच्या योजनेनुसार अडीच फूट रुंदीच्या रुळांची ही अरुंदमापी रेल्वे १८९७ मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी ह्या दरम्यान सुरू झाली. कुर्डुवाडी हे मुंबई-मद्रास मार्गावरील स्थानक त्या काळी ‘बार्शी रोड’ ह्या नावाने ओळखले जाई. १९०६ मध्ये ही रेल्वे पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये पूर्वेस लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये दक्षिणेस मिरजेपर्यंत पोहोचली. तिची एकूण लांबी सुमारे दोनशे दोन मैल झाली.

लातूरपर्यंतचा फाटा होण्यामागे कापूस, गळिताची धान्ये व डाळी ह्यांची पेठ हे कारण होते, आणि पंढरपूरचा फाटा वारीच्या गर्दीवर चालणार होता. औशाचा पंढरपूरशी असलेला संबंध जुना आहे. वीरनाथ-मल्लिनाथ महाराजांच्या नाथ संस्थानाची परंपरा व तिचे चक्रीभजन वारकरी समाजात प्रसिद्ध आहे. अशा परिसरातील लोकांस पंढरीची वाट, तेथील मठ, धर्मशाळा व त्यांतील मुक्कामाची रीत पिढ्यान्‌पिढ्या परिचित होती. अंथरूण-पांघरुणाची वळकटी, पिठाची पिशवी, तांब्या, तवा आणि कंदील एवढे घेऊन परक्या गावी आठ-पंधरा दिवस कसे काढावयाचे, हे वारीने शिकविलेले होते. रुग्णाच्या प्रवासाने हे सर्व ज्ञान जसेच्या तसे उचलले.

रेल्वे सुरू झाली त्याच सुमारास मुंबई इलाख्यात प्लेगचा संचार झाला होता. स्थानकांवर उतारूंची वैद्यकीय तपासणी होई, आणि संशयित माणसास गाडीतून उतरवून छावणीत ठेवले जाई. त्यामुळे ज्या गाडीने दवाखान्यास जावयाचे, त्याच गाडीत आजारी दिसणे धोक्याचे ठरे. परगावचा दवाखाना आणि सरकारी छावणी ह्यांमधील भेद लोकांच्या मनात स्पष्ट होण्यास बराच काळ जावा लागला, ह्याचे एक कारण येथे सापडते.

पुणे किंवा मुंबईस जावयाचे तर कुर्डुवाडीस गाडी बदलावी लागे. अरुंद रुळांवरील डब्यातून उतरून, फलाट ओलांडून रुंदमापी गाडीत चढणे हे धडधाकट उतारूस किरकोळ वाटणारे काम अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत मोठे संकट असे. मिरजेचे तसे नव्हते. लातूरपासून बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करीत मिरजेपर्यंत एकाच मापाचे रूळ होते.

३. मिरजेची वाट

मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे वैद्यकीय केंद्र झाले ते डॉ. विल्यम वानलेस ह्यांच्यामुळे. कॅनडात जन्मलेले हे शल्यवैद्य अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेच्या मिशन रुग्णालयाची इमारत उभी राहिली, आणि १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. शस्त्रक्रियांसाठी, विशेषतः डोळ्यांच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी, ह्या रुग्णालयाचा लौकिक दूरवर पसरला. क्षयरोग्यांसाठी पुढे वानलेसवाडी येथे आरोग्यधाम निघाले. १९२८ मध्ये वानलेस निवृत्त होऊन परतले, तेव्हा बार्शी लाइट रेल्वे मिरजेस येऊन एकच वर्ष झाले होते. लातूर भागातील रुग्णांची मिरजेकडील सुलभ वाट अशा रीतीने वानलेस युगाच्या अखेरीस उघडली. तिचा लाभ मुख्यतः त्यानंतरच्या पिढीस मिळाला.

मिशन रुग्णालयांची सर्वसाधारण पद्धत येथील रुग्णप्रवासास अनुकूल होती. युरोपातील रुग्णालयांत रुग्णास आत घेऊन आप्तांस ठराविक वेळेखेरीज बाहेर ठेवण्याचा प्रघात होता. भारतात तो चालण्यासारखा नव्हता. परजातीच्या हातचे अन्न खाण्यास नकार, एकट्या स्त्रीस परक्या ठिकाणी ठेवण्यास नकार, आणि शुश्रूषेसाठी शिकलेल्या माणसांची टंचाई, ह्या तिन्ही कारणांमुळे आप्तांनी जवळ राहावे, स्वयंपाक करावा व रुग्णाची उठबस करावी, ही व्यवस्था मान्य करण्यात आली. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांस पट्टी बांधून रुग्णास अनेक दिवस निश्चल पडून राहावे लागे. त्या काळात घास भरविणारा व हात धरणारा सोबती औषधाइतकाच आवश्यक होता.

ह्या व्यवस्थेत रुग्णालयाचा खर्च कमी झाला व रुग्णाचा धीर टिकला. पण त्याबरोबरच एक गोष्ट गृहीत धरली गेली. रुग्णालयाच्या खाटेमागे एक कुटुंब उभे आहे, आणि त्याची राहण्या-जेवण्याची तजवीज ते स्वतःच करील, असे ते गृहीत होते. पुढे मिशन गेले, सरकारी व खाजगी रुग्णालये आली, जातीचे नियम सैल झाले, शिकलेल्या परिचारिका आल्या. हे गृहीत मात्र तसेच राहिले.

४. हैदराबादची वाट

औसा तालुका तेव्हा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात होता, आणि ह्या सर्व प्रदेशाची राजधानी हैदराबाद होती. त्या शहराची वैद्यकीय परंपरा मोठी होती. १८४६ मध्ये तेथे वैद्यकीय शाळा निघाली. १८८८ व १८८९ मध्ये एडवर्ड लॉरी ह्यांच्या पुढाकाराने भरलेल्या क्लोरोफॉर्म आयोगांमुळे तिचे नाव युरोपातील वैद्यकीय नियतकालिकांत चर्चिले गेले. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात अफझलगंज येथील जुने रुग्णालय उद्ध्वस्त झाले, आणि नंतर त्या परिसरात उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व वैद्यकही त्याच भाषेत शिकविले जाई.

भाषेची ही बाब औशाच्या दृष्टीने गौण नव्हती. औसा शहरात उर्दू व दखनी बोलणारी वस्ती मोठी आहे. आणि मराठी कुटुंबांतील पुरुषांसही कचेरीच्या निमित्ताने उर्दूचा परिचय असे. त्यामुळे हैदराबादच्या दवाखान्यात आपले दुखणे सांगणे त्यांस जड जात नसे. शिवाय तेथे हाली शिक्का चाले, करोडगिरीचा नाका आडवा येत नसे, आणि उतारूंसाठी मुसाफिरखाने व सराया होत्या. नामपल्ली स्थानकाजवळील सराई ह्यांपैकी सर्वांच्या परिचयाची होती.

अडचण होती ती अंतराची. लातूरहून रेल्वेने जावयाचे तर आधी पश्चिमेस कुर्डुवाडी गाठून, तेथून सोलापूर व वाडी ह्या मार्गे पुन्हा पूर्वेस वळावे लागे. वाडी-सिकंदराबाद रेल्वे १८७४ पासून चालू होती. पण औशाच्या रुग्णास ती फार मोठ्या वळशाने मिळे. विकाराबाद-बीदर-परळी हा रुंदमापी मार्ग झाल्यानंतर लातूर रोड स्थानकावरून सरळ वाट निघाली, तरी औशाहून लातूर रोडपर्यंतचा टप्पा उरलाच. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने सत्तावीस मोटारगाड्यांनिशी स्वतःची उतारू-वाहतूक सुरू केली. सरकारी मोटारसेवेचा हा देशातील आरंभीचा प्रयोग होता. रेल्वेने दिलेले अपुरे हात ह्या मोटारींनी पुढे हळूहळू पुरे केले.

५. सीमा बदलतात

१९४७-४८ च्या सुमारास संस्थानातील संघर्षामुळे ह्या सर्व वाटा विस्कळीत झाल्या. सीमेवरील अनेक कुटुंबे बार्शी व सोलापूर भागात आश्रयास गेली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

रुग्णाच्या दृष्टीने ह्या घटनांचा अर्थ असा, की हैदराबाद हे परराज्यातील शहर झाले आणि मुंबई ही राजधानी झाली. करोडगिरी गेली, हाली शिक्का गेला, सोलापूरची व बार्शीची वाट मोकळी झाली. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. मराठवाड्यातील मोटारसेवा १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली, आणि औशाहून सोलापूरकडे जाणारा एसटीचा प्रवास शंभर किलोमीटरांहून थोडा अधिक, म्हणजे एका दिवसात जाऊन येण्याजोगा झाला. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे निघाले, परंतु औशाच्या लोकांस ते सोलापूरच्या दुपटीहून अधिक दूर होते. सोलापुरास १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झाल्यावर विभागीय केंद्र औरंगाबाद आणि व्यवहारातले केंद्र सोलापूर, अशी स्थिती काही काळ राहिली. सोलापुरात गिरण्यांमुळे स्थायिक झालेले नातेवाईक भेटत, लेकीबाळींची सासरे असत. शासकीय विभागणीपेक्षा ही सोयरीक रुग्णास अधिक उपयोगी पडे.

६. मुंबई आणि धर्मशाळा

कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार ह्यांसाठी मुंबईखेरीज उपाय नसे. जे. जे. रुग्णालय १८४५ पासून, के. ई. एम. १९२६ पासून आणि परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून चालू आहे. ह्या शेवटच्या रुग्णालयाच्या स्थापनेमागील हकीकत प्रस्तुत विषयाशी संबद्ध आहे. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई ह्यांस रक्ताचा कर्करोग झाला, आणि १९३१ मध्ये वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचा अंत झाला. पुढील वर्षी दोराबजींचेही जर्मनीत निधन झाले. देशातील अत्यंत संपन्न कुटुंबासही उपचारांसाठी समुद्र ओलांडावा लागला, ह्या अनुभवातून हे रुग्णालय निर्माण झाले. संपत्तीमुळे प्रवास व मुक्काम ह्यांची चिंता सुटते. पण घरापासून दूर मरण येण्याचे दुःख तिने टळत नाही.

कर्करोगाच्या किरणोपचाराने मुक्कामाच्या प्रश्नास नवे स्वरूप दिले. शस्त्रक्रियेच्या रुग्णास खाट मिळते. किरणोपचाराच्या रुग्णास बहुधा खाटेची गरज नसते; आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे, त्याने रोज काही मिनिटांसाठी रुग्णालयात हजर राहावयाचे असते. मुंबईत घर असलेल्यास हा उपचार सोपा आहे. औशाहून गेलेल्यास तो दीड-दोन महिन्यांचा मुक्काम आहे. उपचार मध्येच सोडून परत जाणे हे कर्करोगाच्या बाबतीत अनेकदा उपचार न घेण्याइतकेच घातक ठरते. म्हणजे ज्या ठिकाणी राहण्याची सोय नाही, त्या ठिकाणी उपचाराचीही सोय नाही, असेच म्हणावे लागते.

परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातील व घाटावरील गावांच्या सामाईक खोल्या होत्या. गावचा रुग्ण तेथे उतरे. संस्थानी मुलुखातील असल्यामुळे मराठवाड्याची वस्ती गिरणगावात तेवढी दाट नव्हती. औशाच्या माणसास मुंबईत हक्काचा उंबरठा कमी मिळे. ही उणीव प्रथम ओळखली ती संत गाडगे महाराजांनी. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या ह्या लोकशिक्षकाने आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९५४ मध्ये, मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. १९५६ च्या डिसेंबरात ते निवर्तले. यात्रेकरू आणि रुग्णाचा सोबती ह्या दोघांची गरज एकच आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले. औशाकडील वारकऱ्यास मठ व धर्मशाळा ह्यांची जी सवय होती, तिला मुंबईच्या रुग्णालयाच्या दारी येथे प्रथम जागा मिळाली.

हीच परंपरा पुढे वाढली. परळ येथे १९६८ मध्ये नाना पालकर स्मृती समिती स्थापन झाली व तिने रुग्णसेवा सदन चालविले. गाडगे महाराजांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा १९८० च्या दशकापासून मुख्यतः कर्करुग्ण व त्यांचे आप्त ह्यांस आश्रय देत आहे. टाटा रुग्णालयातील विख्यात शल्यवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस ह्यांच्या स्मरणार्थ वांद्रे येथे रुग्णांसाठी निवास झाला. ह्या संस्थांनी असंख्य उपचार पुरे होऊ दिले. तथापि महानगरात येणाऱ्या रुग्णांच्या संख्येपुढे त्यांची जागा नेहमीच तोकडी पडली. परळच्या पदपथांवर ताडपत्रीखाली राहणारी कुटुंबे त्याची साक्ष देत आली आहेत.

७. रुग्णालय गावाकडे येते

रुग्णास दूर न्यावयाचे, ह्याऐवजी उपचार जवळ आणावयाचा, हा विचार ह्या भागात १९६० नंतर मूळ धरू लागला. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे व त्यांचे सहकारी ह्यांनी पुण्यातील संधी सोडून लातुरास विवेकानंद रुग्णालय सुरू केले. डॉ. कुकडे ह्यांस २०१९ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. १९७० च्या दशकात अंबाजोगाई येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला आणि औसा त्यात आला. जिल्ह्याचे रुग्णालय आता वीस किलोमीटरांवर होते. १९९० मध्ये लातुरास खाजगी, व २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले.

ह्या बदलाची कठोर परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाली. त्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या प्रहरी, तीन वाजून छपन्न मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली, आणि पंधरा हजारांहून अधिक जखमी झाली. दगड-मातीच्या जड भिंतींखाली सापडलेल्या त्या जखमींसाठी पूर्वतयारी, सोबती, शिदोरी, हंगाम ह्यांपैकी कशाचाही विचार करण्यास अवधी नव्हता. लातूर व सोलापूर येथील रुग्णालयांत त्यांस हलविण्यात आले, आणि देशभरातून वैद्य त्यांच्याकडे आले. अनेकांच्या बाबतीत सोबत करणारे कुटुंबच उरले नव्हते. रुग्णालयाच्या खाटेमागे एक कुटुंब उभे असते, हे जुने गृहीत त्या दिवशी एकाएकी खोटे ठरले. आणि अनोळखी स्वयंसेवकांनी ती जागा घेतली.

कर्करोगाच्या बाबतीत बार्शीचे कार्य उल्लेखनीय आहे. नर्गिस दत्त स्मारक कर्करुग्णालय तेथे उभे राहिले, आणि १९८७ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शी, परंडा व भूम ह्या तालुक्यांत सुरू झाली. ह्याच संस्थांनी १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी केली. बावन्न ग्रामसमूहांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा तीत समावेश होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसले, की ज्या गटास विषाणूची एकच तपासणी उपलब्ध करून दिली, त्यात ह्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. घर सोडता येत नाही म्हणून ज्या स्त्रियांचे दुखणे उशिरा उघडकीस येई, त्यांच्या गावी तपासणी नेल्यास काय घडते, ह्याचे हे मोजून घेतलेले उत्तर होय. औसा ज्या जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला, त्याच जिल्ह्यातील ते आहे.

८. शासन, भाडे आणि मुक्काम

अलीकडील काळात ह्या खर्चाच्या काही अंगांची जबाबदारी शासनाने स्वीकारली. कर्करुग्ण व त्याचा एक सोबती ह्यांस रेल्वेभाड्यात सवलत मिळते; सोबत्याचा उल्लेख नियमातच केलेला आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड व सोलापूर होते, लातूर नव्हते. त्यामुळे काही काळ औशाच्या रुग्णास अशी स्थिती अनुभवावी लागली, की सोलापूरच्या रुग्णालयात शेजारच्या खाटेवरील माणूस योजनेत बसे आणि तो स्वतः बसत नसे. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव देण्यात आले. शस्त्रक्रिया, औषध व रुग्णाचे जेवण ह्यांबरोबरच रुग्णालयातून घरी परतण्याचे एक वेळचे एसटीचे अथवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही तीत धरले गेले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा आली. लातूर-कुर्डुवाडी रेल्वे २००८ पर्यंत रुंदमापी झाली, आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर रुग्ण उचलून दुसऱ्या गाडीत नेण्याचा जुना प्रसंग इतिहासजमा झाला.

ह्या सर्व तरतुदी पाहिल्या असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. वाटेचा विचार झाला, शस्त्रक्रियेचा विचार झाला, परतीच्या भाड्याचाही झाला. परंतु जाणे आणि परतणे ह्यांच्या मधले दिवस सोबत्याने कोठे काढावयाचे, हा भाग बहुतांशी धर्मशाळेवर, नातेवाइकावर किंवा रुग्णालयाच्या व्हरांड्यावर राहिला. मिरजेच्या मिशन रुग्णालयाच्या काळी सोबत्याने स्वतःची चूल मांडावी हे समाजाच्या आग्रहामुळे मान्य झाले होते. आज तो आग्रह उरलेला नाही, पण व्यवस्था तीच आहे.

उपसंहार

औशापासून मिरज, हैदराबाद, सोलापूर व मुंबई ह्या चार दिशांस गेलेल्या रुग्णांचा हा इतिहास एकत्र पाहिला, म्हणजे वैद्यकीय प्रगतीच्या रूढ वृत्तांतात न मावणाऱ्या काही गोष्टी ध्यानात येतात. उत्कृष्ट रुग्णालय कोठे आहे, हे औशाच्या माणसास अनेकदा ठाऊक असे. पण जेथे भाषा कळेल, नाणे चालेल आणि रात्री पाठ टेकता येईल, तेथेच तो गेला. सीमा पुसल्या गेल्या तेव्हा त्याची दिशा बदलली. रूळ एक झाले तेव्हा प्रवास सुसह्य झाला. रुग्णालय जवळ आले तेव्हा ज्या स्त्रिया व ज्या निर्धन कुटुंबे पूर्वी निघतच नसत, तीही उपचारांच्या कक्षेत आली.

जे उपचार जवळ आणता येतात, ते आणल्याने मृत्यू कमी होतात, हे बार्शी-उस्मानाबादच्या अनुभवाने सिद्ध केले आहे. जे आणता येत नाहीत, त्यांच्यासाठी दीर्घकाळच्या मुक्कामास पर्याय नाही. आणि तेथे निवासाची खोली ही औषधाच्या कुपीइतकीच उपचाराचा भाग आहे. गाडगे महाराजांनी १९५४ मध्ये रुग्णालयाच्या दाराशी जी धर्मशाळा बांधली, ती दया म्हणून पाहिली गेली. औशासारख्या ठिकाणच्या रुग्णांचा शतकभराचा प्रवास पाहता ती रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून मोजली जावयास हवी होती. ज्या दिवशी रुग्णालयाच्या आराखड्यात खाटेबरोबर सोबत्याच्या निवाऱ्याचीही गणना होऊ लागेल, त्या दिवशी ह्या इतिहासातील एक जुने येणे फिटले, असे म्हणता येईल.